बाळाचे साठ फोटो

"पुसायचं नाही म्हणजे नाही!" टायपिंगच्या बाई खुर्चीवरून उठायला तयार नव्हत्या. "आधी माझे फोटो बाहेर काढा. मग काय नवीन विंडोज घालायचं ते घाला."

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. उद्या सकाळी तपासणी अधिकारी येणार होते. गेल्या महिन्यात कारखान्याचा बॉयलर फुटला आणि एक कामगार जिवानिशी गेला. बॉयलर धोक्याचा झालाय, असं सांगणारी फोरमनची तीन पत्रं त्याआधीच साहेबांकडे आली होती. ती तिन्ही पत्रं बाईंनी याच कॉम्प्युटरवर टाइप केली होती. कागद साहेबांनी स्वतः फाडले, बॉयलरची नोंदवहीही स्वतःच जाळली. राहिला होता फक्त हा डबा. व्हायरस शिरलाय असं सांगून त्यांनी माणूस बोलावला, तर ही बया आडवी आली.

"ऑफिसचा कॉम्प्युटर आहे, बाई. तुमच्या घरचा नाही."

"घरापेक्षा इथेच जास्त बसलेय मी. तीस वर्षं! तुम्हाला येऊन आठ महिने झालेत."

साहेबांना ते झोंबलं, पण आवाज चढवला तर बाहेर ऐकू जाणार होतं.

"काढून देतो ना साहेब, दहा मिनिटांचं काम," दुरुस्तीवाला म्हणाला. "लोक सगळं डेस्कटॉपवर ठेवतात आणि नेमकं तेच पुसलं जातं. मग माझ्याकडे रडत येतात."

"कसले फोटो आहेत?"

फोल्डरचं नाव होतं 'बाळ'. आत साठ फाइली ओळीने लावलेल्या. बाळ एक, बाळ दोन, बाळ तीन. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

"उघडा बघू."

पहिल्या फोटोत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. दुसऱ्यात तेच बाळ जांभई देतंय. तिसऱ्यात त्याने जीभ बाहेर काढलेली.

"नातू का?"

"गोड आहे ना?" बाई म्हणाल्या. "थांबलात का? पुढचे तर बघण्यासारखे आहेत. एकेक उघडून बघा, मला मुळीच घाई नाही."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. लोकांच्या नातवंडांचे फोटो बघण्याची शिक्षा त्यांनी नातेवाइकांकडे भरपूर भोगली होती.

"पुरे, पुरे! काढा ते सगळं आणि आटपा."

फाइली पेन ड्राइव्हवर गेल्या. तरी बाई हटेनात.

"कॉपी झाली म्हणजे वाचली असं नसतं. दुसऱ्या मशीनवर उघडून बघते, मगच पुसा."

"बरोबर बोलतायत," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने आपला लॅपटॉप पुढे सरकवला. बाईंनी पडदा आपल्याकडे वळवला आणि साठच्या साठ फाइली तब्येतीत उघडून पाहिल्या. साहेब तोवर खिडकीबाहेर बघत बोटं मोडत होते.

शेवटी बाईंनी पेन ड्राइव्ह दोरीत ओवून गळ्यात घातला.

"आता खुशाल पुसा," म्हणाल्या, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ताठ मानेने निघून गेल्या.

साहेब मात्र जागचे हलले नाहीत. सगळं पुसून नवीन विंडोज चढेपर्यंत ते समोर बसून होते. पडदा कोरा करकरीत झाला तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

संध्याकाळी फाटकापाशी ते म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी चक्क थांबून बोलले.

"तुमच्या बाई आज भांडल्या बरं का माझ्याशी. पण नातवासाठी हो! आजीचा जीव, दुसरं काय."

"कुठला नातू, साहेब? बाईंनी लग्नच केलं नाही." पहारेकरी उठून उभा राहिला. "ते बाळ आपला जो कामगार बॉयलरवर गेला ना, त्याचं. बाळाला नि त्याच्या आईला घेऊन बाई दुपारीच तपासणीच्या ऑफिसात गेल्या. तुम्ही विचारलंत तर सांग म्हणाल्या, साहेबांनी चौथा फोटो उघडायला हवा होता."