पाचवा प्रश्न

“तोंडी सांगायले तुमचं काय जाते, मॅडम?” दवाखान्याच्या खरेदी ऑफिसात मी भांडून राहिलो होतो. आईच्या बचतगटाले चादरींचं टेंडर भरायचं होतं. कागदात एका पानावर लांबी नव्वद इंच होती, दुसऱ्यावर शंभर. ते मीच पकडलं होतं. “लिहून दे बाबू. एकाले सांगितलं तं सगळ्यायले सांगा लागते. उत्तर वेबसाइटवर टाकतो, नाव कोणाचंच नाही.” म्हणजे पकडलं मी अन् फायदा गांधीबागच्या कापडबाजारातल्या शेठलोकायले? प्रश्न लिहून टेबलावर आपटला अन् रागानं वेबसाइट उघडलीच नाही. आज नमुना द्यायचा शेवटचा दिवस. आईनं दोन्ही मापाच्या हिरव्या चादरी शिवल्या, कडक इस्त्री करून माह्याजवळ दिल्या. रांगेत उभ्या उभ्या मी मोबाइलवर पाहिलं तं सात प्रश्न, सात उत्तरं. तिसरा माहा होता, उत्तर शंभर इंच. पाचवा दुसऱ्या कोणाचा तरी: नमुना कोरा चालन का? उत्तर: नाही, एकदा धुतलेला पाहिजे, रंग सोडते का ते पाहायचं आहे, कोरा आणला तं टेंडर बाद. हे आमच्या डोक्यातच आलं नोतं. कोणाच्या आलं असन? मी रांगेतलं एकेक तोंड पाहून राहिलो. समोरच्या म्हाताऱ्याच्या पिशवीत धुवून मऊ पडलेली चादर होती. “काका, पाचवा प्रश्न तुमचा का?” काका हसले. “अन् तिसरा तुहा का?” चार वाजता खिडकी बंद होते. नळ मागच्या बाजूले आहे, ऊन बी कडक आहे. मले आता जा लागते.