काळ्या खडकावरचे शिंपले

"काका, तुमची गाठ म्हणजे कमाल आहे हो," म्हणत संशोधक बाईंनी पुन्हा कात्री घेतली. कापडी थैलीचं तोंड कापलं आणि मागच्या अमावस्येचे शिंपले पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले.

देवमासा खाली मान घालून बसला होता. त्याची गाठ खरं तर खलाशाची. एक टोक ओढलं की लहान मूलही सोडवेल. बाई चुकीचं टोक ओढत असणार. पण शिकलेल्या माणसाला कोण सांगणार?

देवमासा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तरुणपणी आपण देवमाशाच्या पाठीवर बसून धक्क्यापर्यंत आलो, असं तो सांगायचा. देवमासा कुणाला दिसला नाही, नाव मात्र चिकटलं. समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करायला बाई आल्या आणि काळ्या खडकावरचे शिंपले कोण आणून देईल म्हणून विचारू लागल्या, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं.

काळा खडक उघड्या समुद्रात. मोठ्या ओहोटीला तासभर तिथवर पायी जाता येतं. उशीर झाला, तर परत येणं पाण्याच्या मर्जीवर.

"त्यात काय, झोपेत जाऊन येईन," तो म्हणाला होता.

दोनदा गेलाही. तिसऱ्यांदा एका लाटेने त्याला खडकावरून असं उचललं, की घरी आला तेव्हा दात वाजत होते. शार्कच्या थोबाडीत दिली, असं त्याने बायकोला सांगितलं. ती फक्त "हो का?" म्हणाली आणि त्याच्या हातातला कप सांडू नये म्हणून बशी धरून बसली.

त्यानंतर तो काळ्या खडकाकडे फिरकला नाही. दर पंधरवड्याला सकाळच्या ओहोटीला धक्क्याच्या खांबांवरचे शिंपले खरवडायचा. दिसायला अगदी तसेच. शिंपल्याच्या सख्ख्या आईलाही फरक कळला नसता. मग बर्फाच्या कारखान्यामागे दोन तास बसून राहायचा आणि पाय ओढत घरी यायचा. थैली मागच्या पायरीवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे. असं तीन वर्षं.

शिक्षा घरातच मिळायची. नेमक्या त्याच दिवशी जेवणात शिंपल्यांचा रस्सा. बायको संध्याकाळी बहिणीकडे जाऊन दमून यायची. शिंपले साफ करताना कापलं म्हणून बोटांना पट्ट्या, आणि वर आग्रह. "घ्या की अजून. तुमच्या आवडीचे आहेत." तो दोन घासांत ताट सरकवायचा.

"इकडे या, बघा," बाईंनी सूक्ष्मदर्शकाकडे बोलावलं. शिंपल्याच्या पातळ कापावर बारीक पट्टे दिसत होते. "एकेक पट्टा म्हणजे त्या दिवसांतल्या पाण्याची डायरी. थंड प्रवाह किनाऱ्याकडे सरकलाय, काका! कुणालाच पत्ता नव्हता. माणूस थापा मारेल, शिंपला नाही मारत."

देवमाशाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"उद्या परिषदेत सांगणार आहे. इथल्या साऱ्या होड्यांनी मासेमारीची जागा बदलावी, असं सुचवणार आहे. आणि पहिल्या पानावर तुमचं नाव घालायचंय. तुमचं खरं नाव काय?"

साऱ्या होड्या. त्यात त्याच्या भावाची होती, मेहुण्याची होती. त्याच्या थापेवर विसंबून ते आपलं जुनं पाणी सोडणार होते.

"बाई," तो म्हणाला, "ते शिंपले धक्क्याचे आहेत."

शार्कची गोष्ट त्याने बाईंनाही ऐकवली होती. बाई हसल्या. "त्या शार्कसारखे?"

"नाही. जन्मात एवढं एकच खरं बोलतोय." त्याने लाट सांगितली, खांब सांगितले, बर्फाचा कारखाना सांगितला.

बाई पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. "मग हा पट्टा..." त्या पुटपुटल्या. "मला जे हवं होतं तेच दिसलं असणार."

मग त्यांनी फोन लावला. "माझं उद्याचं भाषण काढून टाका. नाही, दुसऱ्या कुणाची नाही, चूक माझी आहे."

बाईंनी त्याला चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

दोघांनी मिळून तीन वर्षांची खोकी धक्क्यावर नेली. "इथलेच आहेत ना? मग इथेच जाऊ देत," बाई म्हणाल्या. शिंपले खडखडत पाण्यात गेले. शेवटचं खोकं त्यानेच उलटं केलं.

घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. बायको बहिणीकडे गेलेली. पौर्णिमेच्या ओहोटीला आज सकाळी आणलेली थैली मागच्या पायरीवर नव्हती, पण आता तिचं काय काम? तो तिथेच बसला. लाजेने मान वर होत नव्हती, तरी तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला सडकून भूक लागली होती.

मागचं फाटक वाजलं. बायकोची पावलं त्याला पाहून थबकली.

"अगं, ऐक. मध्ये बोलू नकोस." जमिनीकडे बघतच त्याने सगळं सांगून टाकलं. "शार्क नव्हता. मी घाबरलो होतो. बाईंना सांगितलं. शिंपले ओतून दिले सगळे. त्यांचं भाषणही गेलं. पण निदान खोट्यावर होड्या जाणार नाहीत."

त्याच्या समोर टपटप पाणी पडत होतं. त्याने हळूच मान वर केली. तिचे कपडे कमरेपर्यंत ओले होते. बोटाच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं. हातात भरलेली थैली, थैलीच्या तोंडाला करकचून मारलेली दुहेरी गाठ, कात्रीशिवाय सुटणार नाही अशी.

"अहो," ती म्हणाली, "मग आत्ता काळ्या खडकावरून आणलेले हे कुठे टाकू?"