मागे वळलेली मान

थोरली धाकटीच्या डायनासोरभोवती पुन्हा पुन्हा फिरली आणि अचानक तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. चोरी सापडली होती.

संग्रहालयाच्या अंगणात लांब मानेचा, खऱ्या मापाचा डायनासोर उभा करायचा होता. दोघी बहिणींनी त्यासाठी मातीचे छोटे नमुने दिले होते. दोघींचा व्यवसाय एकच, कामाची खोलीही एकच, मधे फक्त एक कपाट. लहानपणापासून धाकटी म्हणजे ताईची शेपूटच. माती मळायला, आत तारा भरायला तिला ताईनेच शिकवलेलं. आणि निवड झाली ती धाकटीची. आईने फोन करून ही बातमी थोरलीलाच आधी सांगितली, तीही आनंदाने रडत रडत. थोरलीने तोंडदेखलं कौतुक केलं. त्या दिवशी तिला घास गिळवला नाही.

आपल्याला हेवा वाटतोय हे तिला कळत होतं. तो वाटू नये, असं मात्र तिला अजिबात वाटत नव्हतं.

थोरलीचा डायनासोर सरळ नाकासमोर बघत चालला होता. धाकटीच्या डायनासोरने मान पार मागे वळवली होती. सगळे भाळले होते ते त्या मानेवरच, आणि नेमकी तशीच मान संग्रहालयातल्या सांगाड्याची होती. दालनात त्या सांगाड्याच्या तोंडापुढे छताचा खांब येतो, म्हणून त्याची मान मागे फिरवलेली. पण धाकटीचा डायनासोर उभा राहणार मोकळ्या अंगणात. त्याला कुठला आलाय खांब?

तिने थेट संचालकांना गाठलं. हाडं निसर्गाची असली तरी ती कशी उभी करायची हे एक माणूस ठरवतो, ती त्याची कला असते, ती न विचारता उचलणं बरं नाही, असं तिने मुद्देसूद सांगितलं. हा प्रश्न बहिणीचा नसून तत्त्वाचा आहे, हेही दोनदा सांगितलं. संचालकांनी चष्मा काढून पुसला आणि ती तुमची सख्खी बहीण ना, एवढंच विचारलं.

"म्हणून तर जास्त वाईट वाटतं," थोरली म्हणाली. तेवढं सोडलं तर ती खोटं काही बोलली नव्हती.

समितीपुढे धाकटीला बोलावलं तेव्हा थोरली मुद्दाम पहिल्या रांगेत बसली. संचालकांनी सरळच विचारलं, "ही पोझ तुमची स्वतःची आहे का?"

धाकटीने थोरलीकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली. "माझी नाही."

"मग ज्यांची आहे, ते मान्य करायला नको? नाव का नाही दिलंत?"

"उद्घाटनाच्या दिवशी देणार होते."

समितीतले एक गृहस्थ हसले. थोरलीला हसू आवरणं कठीण गेलं. पकडलं गेल्यावर सगळेच असं म्हणतात.

बाहेर जिन्यापाशी धाकटी थांबली होती. नमुना तिने ओढणीत गुंडाळून छातीशी धरला होता.

"ताई, ही मान तुला कुठे बघितल्यासारखी वाटते?"

"संग्रहालयात. आणखी कुठे?"

धाकटीने मान डोलावली आणि जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी कपाटापलीकडची तिची जागा रिकामी होती.

काम थोरलीला मिळालं. आईचा फोन काही आला नाही, पण त्याचं तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. समितीने आणखी एक चांगला निर्णय घेतला होता. सांगाडा ज्यांनी उभा केला त्यांच्या नावाची पाटी तिथे लागणार होती. ही बातमी थोरली स्वतःच त्यांच्याकडे घेऊन गेली. आपण केवढं न्यायाचं काम केलं, हे निदान एका माणसाच्या तोंडून तिला ऐकायचं होतं.

सगळे ज्यांना सांगाडेवाले काका म्हणत, ते निवृत्त होऊन गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये रमले होते. त्यांनी तिला चहा दिला. तिने चोरीची हकिगत रंगवून सांगितली, खांबासकट.

"खांब?" काका म्हणाले. "तो तर मागाहून आला. छत खचायला लागलं तेव्हा. मानेच्या बाकात जागा होती म्हणून तिथे घातला."

"मग मान का वळवलीत?"

"मला ती सुचतच नव्हती. कशीही धरली तरी जनावर मेलेलंच दिसायचं." काका आठवून हसले. "एकदा काम चालू असताना एक बाई दोन मुलींना घेऊन आली. मोठी भराभर पुढच्या दालनात गेली. धाकटी माझ्यापाशी रेंगाळली. तिच्या मुठीत मातीचा डायनासोर होता, असाच, मान वळवलेला. मी म्हटलं, हा मागे कुणाकडे बघतोय गं?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्याकडे. ताईने केलाय. मी मागे राहिले की ती अशीच वळून बघते."