आठ इंच

शिंप्याने गळ्यातली टेप काढली, गुडघे टेकले आणि न्हाणीघर मोजलं. मग पुन्हा मोजलं. कापडसुद्धा तो दोनदा मोजायचा; इथे तर नगरपालिका होती.

"चार फूट चार इंच," तो म्हणाला. "चाकाची खुर्ची वळायला पाच लागतात. आठ इंच कमी."

न्हाणीघर म्हणजे मैदानावर चुन्याच्या फक्कीने आखलेला चौकोन. नगरपालिका परवडणारी घरं बांधणार होती, जाड मातीच्या विटांची, उन्हाळा पंख्याशिवाय निभेल अशी. कागदावरचा नकाशा लोकांना उमगत नाही, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं, म्हणून एक अख्खं घर खऱ्या मापात जमिनीवर उतरवलं होतं. ज्यांचे नंबर लागले त्यांनी यायचं, आत फिरून बघायचं आणि सही करायची. आज एकावर एक येणाऱ्या चार घरांची पाळी होती. चार वाजता सभा. त्यानंतर नकाशा पक्का.

इंजिनिअर सकाळपासून भिंतींतून आरपार हिंडत होता. बाकीचे मात्र कुणी न सांगता दारातून आत येत होते. दार म्हणजे रेघेतली तीन फुटांची मोकळी जागा. तिथे रांग लागली होती.

शिंप्याच्या आत्याची चाकाची खुर्ची त्या दारातून आली, स्वयंपाकघर ओलांडून न्हाणीत गेली, आणि वळताना तिचं मागचं चाक रेघेवर चढलं.

"घुसले भिंतीत," आत्या म्हणाली. "काढ रे मला उलटी, टेम्पोसारखी."

कुणी हसलं नाही. खुर्ची वळली नाही तर आत्याला इथे राहता येणार नव्हतं. आत्याला राहता येणार नसेल तर शिंपी सही करणार नव्हता. सही नाही, तर नंबर मागच्या माणसाला. पुढची सोडत कधी, हे नगरपालिकेलाही ठाऊक नव्हतं.

"बाहेरची भिंत जरा बारीक करा ना साहेब."

"ती दीड फुटाचीच हवी. घर थंड राहणार ते तिच्या जिवावर." इंजिनिअरने घड्याळ बघितलं. "आठ इंच घ्यायचे तर स्वयंपाकघरातून घ्या. पण नळ सरळ वर जातात. तुमचा ओटा आखूड झाला की वरच्या तिघांचाही होणार. चारही घरं हो म्हणाली तरच बदल करायचा, असा ठराव आहे. आजवर कुठली चार घरं हो म्हणालेली नाहीत."

चारही मजले तिथेच उभे होते, एकाच चौकटीत, खांद्याला खांदा लावून.

शिंप्याची बायको ओट्यापाशी होती. तिने तासाभरापूर्वीच खडे वेचून डबे मांडले होते, ओळीने अकरा. तिने टोकाचे दोन खडे उचलले आणि शेजारच्या दोन खड्यांवर ठेवले.

"डब्यावर डबा बसतो," ती म्हणाली. "आत्यांना कुठे रचून ठेवू?"

तळमजला झाला. पहिल्या मजल्यावरच्या नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही स्वयंपाक येत नव्हता. त्यांची हरकत असायचं कारण नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची कंडक्टरबाई म्हणाली, "बसमध्ये दिवसभर हेच ओरडते मी, जरा आत सरका, जरा आत सरका. आठ इंचात माणूस मावतो. घ्या."

राहिले दुसऱ्या मजल्यावरचे पोस्टमन. रिटायर झालेले.

"माझं काही नाही हो," ते म्हणाले. "पण ओटा सुनेचा."

"मग विचारा की. जन्मभर निरोप पोचवलेत," कंडक्टरबाई म्हणाली.

पोस्टमननी फोन लावला. दोन मिनिटं अख्खी इमारत थांबली. त्यांनी फोन खिशात ठेवला.

"म्हणते, बाबा, स्वतःचे गुडघे बघितलेत का?"

"म्हणजे हो?"

"म्हणजे हो."

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत इंजिनिअरने भिंती पाडताना बघितल्या होत्या. पोलीस लागायचे, बाया आडव्या पडायच्या. त्याने बूट पुढे केला आणि रेघ घासली. एकदा, दोनदा. चार मजल्यांची भिंत गेली. शिंप्याने टेपचं एक टोक धरलं, दुसरं त्याच्या बायकोने, आणि आठ इंच पलीकडे इंजिनिअरने वाकून, स्वतःच्या हाताने, नवी फक्की सोडली.

"आधी खडू, मग कात्री," शिंपी हळूच म्हणाला. "मला वाटायचं, हे आमच्याच धंद्यात."

आत्याने खुर्ची आत घेतली. चाकांवर हात ठेवले. खुर्ची वळली, पूर्ण वळली, दाराकडे तोंड करून थांबली. मग आत्याने, काही कारण नसताना, आणखी एक फेरी घेतली. चारही मजले बघत होते.

इंजिनिअर मंडपातल्या टेबलाकडे गेला, नकाशावर लाल पेनाने रेघ मारली आणि संमतीपत्रं घेऊन लगबगीने परतला. चारला पंधरा मिनिटं होती. तो सवयीने सरळ स्वयंपाकघरावर चालून आला आणि रेघेपाशी एक पाय उचललेला तसाच थांबला.

पाय मागे आला. तो घराला वळसा घालून गेला आणि तीन फुटांच्या त्या मोकळ्या जागेसमोर उभा राहिला.

"येऊ का?"

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या की," ती म्हणाली. "पण बुटाला आमची भिंत लागलीय. ते बाहेर."

इंजिनिअर खाली बसला आणि नाड्या सोडू लागला.