चाळीस दिवसांची परीक्षा

बागेतलं एकही झाड मेलं नव्हतं. सुभानरावांनी बॅग फाटकाशीच ठेवली आणि पुन्हा मोजून पाहिलं. तगर, मोगरा, कण्हेर, अबोली, कर्दळ. अठराच्या अठरा जिवंत. जून उजाडला तरी पावसाचा पत्ता नव्हता, बडोद्यात कारेलीबागेतले रस्ते तव्यासारखे तापले होते, आणि ही झाडं मात्र नुकती न्हाऊन आल्यासारखी टवटवीत. त्यांच्या पत्नी कुसुमावती म्हणाल्या, चला, यंदा सगळी वाचली, बरं झालं. सुभानरावांना ते मुळीच बरं वाटलं नाही.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ते तेहतीस वर्षं तपासणी खात्यात होते. तयार भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. बसला तर पास, नाही तर भंगार. निवृत्तीनंतर हाच कायदा त्यांनी बागेला लावला. फेब्रुवारीत नवी रोपं लावायची, दोन महिने जपायची, आणि मे लागला की कुसुमावतींना घेऊन चाळीस दिवस साताऱ्याला लेकीकडे जायचं. पाणी घालायला कुणालाही सांगायचं नाही. परत आल्यावर जे जिवंत दिसेल ते फूलझाड खरं बारमाही. पाण्यासाठी जे तोंड वासून बसतं त्याला माझ्या बागेत जागा नाही, असं ते चारचौघांत सांगत.

सहा उन्हाळ्यांत त्यांची यादी पक्की झाली होती. अबोली पास, कर्दळ पास. कण्हेर तीनदा नापास. नर्सरीवाल्या हार्दिकला हे काही केल्या पटत नसे. कण्हेर हायवेच्या मधोमध धूर खाऊन जगते, आणि अबोलीचं एक दिवस पाणी चुकलं तर ती मान टाकते, असं तो दर वर्षी सांगे. सुभानराव त्याला म्हणत, तू ऐकलेलं सांगतोस, मी पाहिलेलं सांगतोय.

यंदा त्या यादीला मान मिळाला होता. सोसायटीचा माळी काम सोडून गेला होता. प्रवेशद्वारापासून आतपर्यंतच्या पट्ट्यात कमी पाण्यावर वर्षानुवर्षं टिकतील अशी फुलं लावायची ठरली, आणि ती कोणती हे सुभानरावांनी सांगायचं होतं. दीडशे रोपं मागवायची होती. सभा त्याच संध्याकाळी होती. यादी खिशात तयार होती.

आणि इथे सगळीच झाडं पास झाली होती. सगळा माल पास व्हायला लागला की आधी गेज तपासा, हे त्यांनीच कारखान्यात नव्या माणसांना शिकवलं होतं. ते वाकले आणि कण्हेरीच्या बुंध्याशी बोट खुपसलं. माती ओली होती. मोगऱ्याशीही ओली. मातीत उमटलेला पाण्याचा ओघळ शेजारच्या भिंतीकडे जात होता.

भिंतीपलीकडे सुनंदाबेन राहत. सहा वर्षांपूर्वी बाग आखताना सुभानरावांनी त्यांच्या शेवग्याची इकडे आलेली फांदी न विचारता तोडली होती. त्या दोन शब्द बोलल्या, हे चार बोलले, आणि तेव्हापासून बोलणंच बंद झालं. दिवाळीत दोघी बायकांच्या वाट्या भिंतीवरून इकडून तिकडे जात, तेव्हा सुभानराव वर्तमानपत्र उघडून बसत.

गप्प राहणं सोपं होतं. यादी वाचून दाखवली असती तर कुणी शंकाही घेतली नसती. पण सुभानराव फाटकाबाहेर पडले आणि त्यांनी शेजारची बेल वाजवली. ओट्यावर उभ्या कुसुमावती बघतच राहिल्या.

सुनंदाबेन छुंद्यासाठी कैऱ्या किसत होत्या. हातातल्या किसणीसकट त्या दारात आल्या.

"सुनंदाबेन, यंदा आमच्या झाडांना पाणी तुम्ही घातलंत का?"

"यंदा म्हणजे? मी तर दर साल घालते, सुभानभाई. डोळ्यांसमोर झाड सुकतं ते बघवत नाही. पण आमचा पाइप टूंको पडायचा. तुमच्या अबोली-कर्दळीच्या पुढे पोचतच नव्हता. ती लांबची कण्हेर मरायची, मी काय करणार? यंदा सुनेने मोठा पाइप आणून दिला."

सुभानरावांचे आधी कान तापले. मग कितीतरी वर्षांनी ते दारात उभ्याउभ्या खदखदून हसले. हसता हसताच त्यांनी त्या फांदीबद्दल माफी मागितली. सुनंदाबेन म्हणाल्या की तिच्या जागी तीन नव्या फुटल्यात, आता शेंगा तुमच्याच बाजूला लोंबतात, हात वर करून काढत जा.

संध्याकाळच्या सभेत सुभानरावांनी यादी बाहेर काढली, पण वाचली नाही. चाचणीच खोटी होती, असं सांगून त्यांनी घडलेलं सगळं न लपवता सांगितलं. अबोली कशी पास झाली ते ऐकून लोकांची हसून पुरेवाट झाली. नर्सरीला दुसऱ्या दिवशीच ऑर्डर द्यायची होती, त्यामुळे सेक्रेटरी उन्मेष मात्र अडचणीत पडला. आता त्या पट्ट्यात लावायचं तरी काय, असं त्याने विचारलं.

"सुनंदाबेनना आवडतील ती फुलं लावा," सुभानराव म्हणाले. "पुढच्या मेमध्ये लेकीलाच इकडे बोलावलंय. पाणी मी घालीन."