लिराला कळणारी भाषा

“लिरा, कृपया दिवा लावा,” ओस्निएल म्हणाला, आणि हवानाच्या भर दुपारच्या उन्हात दिवाणखान्यातला दिवा लागला.

“वा रे वा!” खिडकीतून डोकावणारी शेजारीण एनेइदा म्हणाली. “आता सूर्याला रजा द्या म्हणावं. आणि काय रे, या डब्याशी तू असा बिशपसारखा का बोलतोस?”

“स्पष्ट बोललं तरच तिला कळतं, बाई. गल्लीतली भाषा चालत नाही इथे.”

लिरा म्हणजे नारळाएवढा एक बोलका डबा. मायामीच्या मावसभावाने तो पाठवला होता. दिवा लावणं, फोन जोडणं, ठरल्या वेळी निरोप सांगणं, सगळं तो करायचा. अट एकच. हवानाची माणसं शब्दांची शेपटं गिळतात, ती गिळायची नाहीत. म्हणून ओस्निएल त्याच्याशी बातम्या देणाऱ्यासारखा बोलायचा. शिवाय ‘कृपया’ म्हणायचा. या घरात तो शब्द फार वर्षांनी ऐकू आला होता.

“मी यंत्रांचा किडा आहे, जन्मजात किडा,” असं तो चारचौघांत छाती काढून सांगे. कोणी हरकत घेत नसे. लिराच्या आधी झोप मोजणारं घड्याळ आलं होतं. त्यातले आकडे बघता बघता त्याची झोप गेली. मग मोठे हेडफोन आले, आणि घरातलं ऐकू येणं गेलं. सगळ्यांत ताजं वेड होतं अंतराळातल्या एका मालिकेचं. दर आठवड्याला हार्ड डिस्कवर भरून मालिका घरोघर येत, त्यात ती येई. तिच्यातले निळे प्राणी घशातून खाकरल्यासारखे बोलत. ओस्निएल ती भाषा शिकला होता. आरशासमोर उभा राहून तो खाकरत असे.

बायको इदालमिस तुर्की मालिका बघायची. “रडारडी नुसती!” तो म्हणायचा. “बाई गाडीत बसते, बाप्या मागून धावतो. याला काय डोकं लागतं?”

इदालमिस पूर्वेकडची, बायामोची. बोलताना हेल काढायची, केळ्यालासुद्धा तिकडचाच शब्द वापरायची. लिरा घरात आली त्या दिवशी तिने हौसेने पुढे होऊन गाणं लावायला सांगितलं होतं. डब्यावरचं निळ्या उजेडाचं कडं फिरलं आणि लिरा म्हणाली, “माफ करा, आपलं बोलणं मला समजलं नाही.”

ओस्निएल एनेइदासमोर पोट धरून हसला. “बघ! यंत्रालासुद्धा बायामोची बोली झेपत नाही!”

त्यानंतर इदालमिस त्या डब्याच्या वाटेला गेली नाही, निदान त्याच्या देखत तरी नाही. ओस्निएलला मात्र नवा विनोद सापडला. ती म्हणाली, छत गळतंय, की हा मान तिरकी करून लिराच्या गोड आवाजात म्हणे, “माफ करा, आपलं बोलणं मला समजलं नाही.” ती म्हणाली, बायामोच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा देताहेत, बहीण बोलावतेय, आपण नीट बसून बोलू या, तर पुन्हा तेच. विनोद शिळा झाला, तरी तो रोज वाढत राहिला.

आज मालिकेचा शेवटचा भाग होता. एनेइदा हसत हसत घरी गेली. ओस्निएलने हेडफोन चढवले. निळ्या प्राण्यांच्या राणीचा पहिला शब्द कप्तानाला समजणार, तेवढ्यात इदालमिस पडद्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. पायाशी पिशवी होती. त्याने नाइलाजाने एका कानावरून हेडफोन सरकवला.

“ओस्निएल, दुपारची गाडी आहे बायामोची. शाळेला आज उत्तर द्यायचंय. मी जाऊ की राहू? एक शब्द बोल. तू म्हणशील ते.”

ती थट्टा करत नव्हती. डोळे पुसून आली होती. पण पडद्यावर राणीने तोंड उघडलं होतं.

“माफ करा,” ओस्निएल मान तिरकी करून म्हणाला, “आपलं बोलणं मला समजलं नाही.”

आणि स्वतःच हसून त्याने कान झाकला. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला ती लिराच्या फळीपाशी दिसली. तिचे ओठ हलत होते. नेहमीचं पुटपुटणं, तो मनात म्हणाला.

कप्तान राणीचं ऐकायला वाकला, आणि वीज गेली.

“इदालमिस! एनेइदाकडे विचार, त्यांचीही गेली का?” उत्तर आलं नाही. गेली असेल तिकडेच गप्पा मारायला. घामाने निथळत तो आरामखुर्चीत पडून राहिला, आणि तिथेच त्याला डुलकी लागली.

वीज आली तेव्हा उन्हं उतरली होती. बायको आली का, हे त्याने पाहिलं नाही. शेवटचा भाग आधी लावला. कप्तानाला राणीची भाषा समजली. दोन जगं एक झाली. ओस्निएल ढसाढसा रडला. हेडफोन काढून तो नाक पुसत होता, तेव्हा फळीवर निळं कडं उजळलं.

“ओस्निएल, इदालमिसने ठेवलेला निरोप,” लिरा म्हणाली. “मी बायामोच्या गाडीत बसले आहे. घेवडाभात चुलीवर झाकून ठेवला आहे. तुला विचारलं होतं, जाऊ की राहू. उत्तर मिळालं.”

एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. केळी फळीखाली ठेवली आहेत, हेही लिराने सांगितलं, आणि केळ्याला शब्द वापरला तो बायामोचा, त्याच्या माघारी शिकलेला.

ओस्निएल धडपडत उठला. “लिरा, फोन लाव तिला! लवकर लाव! थांब म्हणावं, राहा म्हणावं, मी येतोय...” आवाज फाटला होता. हुंदक्यात शब्दांची शेपटं गिळली जात होती. त्याची आई बोलायची तसा, सगळी गल्ली बोलते तसा तो बोलत होता.

निळं कडं एकदा फिरलं. पुन्हा फिरलं.

“माफ करा,” लिरा गोड आवाजात म्हणाली, “आपलं बोलणं मला समजलं नाही.”