पाहुणीसाठी डागडुजी

"या मोहल्ल्यातला एक दगडसुद्धा मी हलू देणार नाही," मोहल्ल्याचे वडीलधारे नुसरत आका छातीवर हात ठेवून म्हणाले. मोहल्ल्यात दगड नव्हताच. बुखाऱ्याच्या त्या भागात बहुतेक घरं मातीची. ताश्कंदहून आलेल्या तपासनीस फिरूझानं मान डोलावली आणि पिशवीतून खडू काढला. ती ज्या घरावर खूण करील ते जुनं ठरणार. नवा रस्ता त्याला वळसा घालणार. बाकीच्यांवरून तो सरळ जाणार.

आका तिला गल्लीबोळांतून जवळजवळ पळवतच होते. रेशीमवाल्याच्या छतावर रंगवलेली डाळिंबं अजून ताजी होती. खूण. यहुदी सराफाच्या दिवाणखान्यात चुन्यात कोरलेली जाळी. खूण. रेल्वेच्या रशियन इंजिनियरनं बांधलेल्या, पत्र्याच्या छपराच्या घराला मोहल्ला 'समोवार', म्हणजे रशियन चहाचं भांडं, म्हणायचा. त्यालाही खूण. दारोदारी चहा पुढे येई, आका तो परतवत. स्वतःचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

पाहुणीची मेजवानी तिथंच होती. म्हणून सगळ्या मोहल्ल्यानं मिळून दोन दिवस घरावर हात फिरवला होता. नवा गिलावा, निळा तैलरंग, प्लास्टिकच्या खिडक्या. ओसरीचे लाकडी खांब काढून लोखंडी पाइप उभे केले होते. राजधानीच्या माणसापुढे मान खाली जायला नको.

"आका, हे घर कधीचं?"

"माझ्या पणजोबांचं, पोरी."

"मला तर गेल्या मंगळवारचं वाटतंय."

खडू पिशवीत गेला. आका पणजोबांची थोरवी सांगू लागले, पण फिरूझा दाराकडे निघाली होती.

त्यांची बायको मुअत्तर पुलावाच्या कढईवरून म्हणाली, "मी सांगत होते, नका खरवडू. ऐकतंय कोण? अहो, ते खांबसुद्धा जाळायला निघाला होतात."

फिरूझा वळली. "म्हणजे जाळले नाहीत?"

मुअत्तरनं झाऱ्यानं अंगणाचा कोपरा दाखवला.

फिरूझा खुराड्यापुढे गुडघे टेकून बसली. आत दोन खांब आडवे घातले होते. त्यांवरच्या द्राक्षवेलींच्या नक्षीवर कोंबड्या ओळीनं बसल्या होत्या.

"हे जागेवर परत उभे करा," ती म्हणाली, "मग घर जुनंच आहे."

खडू बाहेर आला. आकांचा हात पुन्हा छातीवर गेला. "या घरातला एक खांबसुद्धा मी..."

"आका, ते नंतर. आधी या कोंबड्या तेवढ्या उठवा."